‘दादा’ हा किताब आखाड्याचा

वरातीत बँडवाल्यानं जुनं गाणं धरलं, की अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही गल्लीत एक गडी हटकून पुढं येतो. त्याला नाच शिकवलेला नसतो, अंगानं तो जडच असतो, पण बघ्यांची नजर त्याच्यावरच खिळते. गुडघे जरासे वाकलेले, पाय उचलायचे नाहीत, नुसते सरकवायचे, खांदे तालावर हलवायचे आणि एक हात हवेत असा फेकायचा, की जणू समोरच्याला वाट मोकळी करून देतोय. मागून कोणीतरी ओरडतं, “वा, भगवानदादा!”

या नाचाचा मूळ धनी १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीतच जन्मला, हे त्या वरातीत फारच थोड्यांना ठाऊक असतं. तो मुळात नाचणारा नव्हता, कुस्ती खेळणारा होता, हे त्याहून थोड्यांना. भगवान आबाजी पालव हे त्याचं पूर्ण नाव. ‘दादा’ ही पदवी त्याला सिनेमानं दिली नाही. ती मिळाली लाल मातीतून, कुस्तीच्या नादातून. पुढं ‘अलबेला’ इतका गाजला, की त्याआधीची बारा-तेरा वर्षं लोक विसरून गेले. त्या वर्षांत हा माणूस हाणामारीचे सिनेमे काढत होता, त्यात स्वतः मार खात होता आणि देत होता. हिंदी सिनेमातल्या मारधाडीचा पाया ज्या पहिलवानांनी घातला, त्यांतला तो एक.

त्याच्या जन्माच्या वेळची अमरावती म्हणजे कापसाचं गाव. निजामानं १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, पुढं अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६० च्या दशकात रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. तेव्हापासून इथला माल थेट मुंबईच्या गोदीत आणि गिरण्यांत जाऊ लागला. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल अशा काही गिरण्या इथंही उभ्या राहिल्या, पण मुख्य ओढा मुंबईकडेच. पालव कुटुंब त्याच वाटेनं गेलं. वडील कापड गिरणीत कामाला होते आणि मुलगा वाढला दादर-परळच्या गिरणगावात. कापूस पिकतो त्या टोकाला जन्म आणि कापूस विणला जातो त्या टोकाला बालपण, असा हा प्रवास.

वऱ्हाडात त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. भगवानच्या जन्मानंतर वर्षभरानं, १९१४ मध्ये, अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला. तोच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर ओळखला गेला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम, हुतुतू हे सगळं तिथं शास्त्रशुद्ध शिकवलं जाई. हुतात्मा राजगुरूंनी अमरावतीत येऊन व्यायामाचे धडे घेतले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. गुलामीतल्या देशाला ताठ उभं राहायचं असेल तर आधी दंड-बैठका काढाव्या लागतील, ही त्या काळची श्रद्धा होती. पुणे, कोल्हापूर, सांगली, नागपूर, सगळीकडे तेच वारं.

मुंबईच्या गिरणगावातही ते होतंच, फक्त त्याला राष्ट्रकार्याचा साज कमी आणि पोटाचा जास्त. चाळीच्या तळमजल्यावर किंवा पाठीमागच्या मोकळ्या जागेत तालीम असे. तेल, हळद, ताक मुरवून मऊ केलेली लाल माती, कोपऱ्यात मारुतीचा शेंदरी तांदळा, भिंतीला टेकवलेले मुद्गल. पाळी सुटलेला कामगार घरी जायच्या आधी तिथं दोन जोड खेळून जाई. तिथल्या तगड्या पोराला वस्तीत ‘दादा’ म्हणत. त्यात दरारा असे, आणि अडीअडचणीला हाच धावून येईल हा भरवसाही. भगवानची शाळा लवकर सुटली, मजुरी करावी लागली, पण तालीम सुटली नाही. जडली ती आणखी एक खोड: सिनेमाची.

मूकपटांच्या त्या काळात पडद्यावरचा सर्वांत लाडका परदेशी म्हणजे डग्लस फेअरबँक्स. ‘थीफ ऑफ बगदाद’ हा त्याचा १९२४ चा चित्रपट हिंदुस्थानात तुफान चालला. तटावरून उड्या, झुंबराला लोंबकळणं, एकट्यानं दहा जणांना लोळवणं. हे सगळं बिनशब्दांचं होतं, म्हणून अमरावतीच्या हमालालाही कळत होतं आणि परळच्या साचेवाल्यालाही. आपल्याकडे त्याची पहिली गादी चालवली ती कोल्हापूरच्या मास्टर विठ्ठल यांनी. बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते तयार झाले, मग मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत तलवारबाज नायक म्हणून इतके गाजले, की दुसऱ्या कंपनीनं त्यांना पळवल्यावर प्रकरण कोर्टात गेलं. त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले बॅरिस्टर होते महंमद अली जीना. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात लागलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या हिंदी बोलपटाचे नायकही विठ्ठलच. पण गंमत अशी झाली, की त्यांची हिंदी-उर्दू बोलपटाला पुरेना, तेव्हा त्यांच्या वाट्याला बराच वेळ गुंगीत पडून राहायचं आलं. ज्याच्या अंगाला पडद्यावर तोड नव्हती, त्याची जीभ अडली. बोलपट आला आणि पहिलवानांच्या वाट्याला सिनेमातली दुय्यम पायरी आली.

भगवान सिनेमात शिरले ते नेमके याच सांध्यावर, मूकपट संपता संपता. १९३५ चा ‘हिम्मते मर्दा’ हा त्यांचा सुरुवातीचा बोलपट. दिग्दर्शक गणपतराव पवार, नायिका त्यांच्या पत्नी ललिता पवार. भगवान छोट्या-मोठ्या भूमिका करत, कधी विनोदी सोबती, कधी मारामारीतला गडी. आणि कॅमेऱ्यामागं काय चाललंय याकडे त्यांचं सतत लक्ष. सेटवर उभं राहून शिकलेली ही विद्या. १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासोबत त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला. तेव्हा वय अवघं पंचवीस. तिथून पुढं १९४९ पर्यंत त्यांनी स्टंटपटांची रांगच लावली.

स्टंटपट म्हणजे नेमकं काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. १९३५ मध्ये वाडिया मूव्हीटोनची ‘हंटरवाली’ आली, चाबूक हाती घेतलेली नादिया रातोरात प्रसिद्ध झाली आणि या पटांना पेव फुटलं. मुखवटा घातलेला बहाद्दर, जुलमी जमीनदार किंवा कपटी दिवाण, चपळ घोडा, धावती आगगाडी, शेवटच्या रिळात दणकून मारामारी. प्रभात किंवा न्यू थिएटर्सचे ‘सामाजिक’ आणि ‘संत’ पट पाहणारा मध्यमवर्ग याकडे नाक मुरडून बघे. वर्तमानपत्रांत त्यांची समीक्षा येत नसे, आली तर टिंगलीपुरती. हे सिनेमे चालत ते पिटात, चार आण्यांच्या तिकिटावर. गिरणीची पाळी सुटल्यावर येणारे कामगार, टांगेवाले, हमाल, आणि मोफसलात जत्रेच्या तंबूत बसलेले शेतमजूर हेच त्यांचे रसिक. वऱ्हाड या धंद्याचा मोठा गिऱ्हाईक. वितरकांच्या नकाशावर या भागाला ‘सीपी-बेरार’ म्हणत, आणि अमरावती-भुसावळ इथं वितरकांच्या कचेऱ्या असत. १९५६ मध्ये राज्यांची फेरमांडणी झाली, वऱ्हाड आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आलं, तरी सिनेमाच्या धंद्यातलं ‘सीपी-बेरार’ काही पुसलं गेलं नाही. ज्या गावात भगवान जन्मले, तिथंच त्यांच्यासारख्यांच्या सिनेमांच्या पेट्यांची सौदेबाजी चाले.

या पटांचं गणित साधं होतं: पैसा कमी, अंग जास्त. मोठी नटी नको, मोठा वाडा नको. जंगल फुकटचं, डोंगर फुकटचा, आणि पहिलवान दोस्त वस्तीतलेच. भगवान पटकथा लिहीत, दिग्दर्शन करीत, कपडे ठरवीत, मंडळींच्या जेवणाचंही बघत. आणि उडी मारायची वेळ आली की स्वतःच मारत. डुप्लिकेट हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. मारामारी बसवायला तेव्हा वेगळा ‘फाइट मास्टर’ नसे. आखाड्यातलेच डाव पडद्यासाठी मोकळे करून घ्यायचे. आखाड्यात पट काढला तर तो झटकन निघतो, बघणाऱ्याला दिसतही नाही. पडद्यावर तोच पट तिसऱ्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत दिसला पाहिजे. ढाक लावून गडी उचलला, तर तो पडताना दुसऱ्या दोघांना घेऊन पडला पाहिजे. मार लागायचा नाही, पण लागल्याचं वाटायचं. कॅमेरा जरा सावकाश फिरवला, की पडद्यावर हालचाल दुप्पट चपळ दिसे, ही त्या काळातली सर्रास युक्ती. फेअरबँक्सचं वेड भगवानना इतकं, की राज कपूर त्यांना ‘इंडियन डग्लस’ म्हणत, असं सांगतात. अंगानं ठेंगणे, बांध्यानं रुंद, चेहऱ्यानं अगदी शेजारच्या माणसासारखे. फेअरबँक्स उडायचा, भगवान आदळायचे, आणि पिटातल्या प्रेक्षकाला हे आदळणं जास्त आपलं वाटे.

पण या धंद्याची किंमतही होती आणि ती प्रत्येक वेळी पहिलवानानंच मोजली असं नाही. १९४२ मधल्या ‘जंग-ए-आजादी’च्या एका दृश्यात भगवाननी ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. पहिलवानाचा हात, वेळेचा अंदाज चुकला, आणि थापड खरीच बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डाव्या डोळ्याची शीर तुटली. पुढची तीन वर्षं त्या उपचारात होत्या. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथंच थांबली. पुढं त्याच बारीक झालेल्या डोळ्यानं त्यांनी कजाग सासवा उभ्या केल्या आणि हिंदी-मराठी सिनेमात स्वतःची जागा घेतली, हा त्यांचा पराक्रम. पण म्हणून ती थापड लहान होत नाही. मारामारीतलं अंतर जाणणारा माणूसही चुकतो, आणि चुकला तर सांभाळायला कोणतीही व्यवस्था नव्हती. त्या काळच्या मारधाडीच्या सिनेमाचा इतिहास लिहिताना हा डोळा विसरून चालणार नाही.

त्याच १९४२ मध्ये भगवान निर्माते झाले. जागृती पिक्चर्स निघाली, आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. गिरणी कामगाराच्या मुलाचा स्वतःचा स्टुडिओ. याच वाटेवर त्यांना भेटले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांब्याचा हा मुलगा नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकला होता आणि मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवत होता. भगवाननी १९४१ च्या सुमारास तमिळमध्ये ‘वनमोहिनी’ केला, तेव्हा संगीत रामचंद्रांकडे दिलं. १९४२ चा ‘सुखी जीवन’ हा रामचंद्रांचा संगीतकार म्हणून पहिला हिंदी चित्रपट, तोही भगवान यांचाच. एका पहिलवानानं हिंदी चित्रसंगीताला एक मोठा संगीतकार दिला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

१९४९ मध्ये ‘भेदी बंगला’ आला. मारामारीला भुताटकीची जोड. तो चालला, पण भगवान तरी जिथल्या तिथं. पिटात नाव, बाल्कनीत नाही. राज कपूर यांनी त्यांना सल्ला दिला, की एकदा सामाजिक चित्रपट काढून बघ. जागृतीच्या पैशांनी आणि रामचंद्रांच्या साथीनं १९५१ मध्ये ‘अलबेला’ झाला. गीतं राजेंद्रकृष्ण यांची, नायिका गीता बाली, आणि नायक भगवान स्वतः. कथा ओळखीची: गरीब घरातला, नाटकाचं वेड घेतलेला पोरगा घरातून बाहेर पडतो, मोठा नट होतो, पण घरी पाठवलेला पैसा मधल्यामध्ये अडतो, आणि तो परततो तेव्हा घर उद्ध्वस्त. त्या वर्षी ‘आवारा’ होता, ‘बाजी’ होता, आणि त्यांच्या पंगतीत एका स्टंटवाल्या पहिलवानाचा ‘अलबेला’ बसला. गाणी घराघरांत गेली, आजही वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात त्यांच्याशिवाय रात्र संपत नाही.

आता तो नाच. त्याला अनेकांनी ‘सहज’, ‘कोणालाही जमेल असा’ म्हटलं. तो सहज दिसतो खरा, पण आखाड्यात जोडीला उभ्या राहिलेल्या मल्लाकडे नीट बघा. गुडघे अर्धे वाकलेले, वजन दोन्ही पायांत वाटलेलं, पावलं सरकतात, उचलली जात नाहीत, कारण पाय उचलला की समोरचा पट काढणार. खांदे सतत हलते, हात कमरेच्या आसपास, केव्हाही पुढं जातील असे. याला पवित्रा म्हणतात. भगवान यांच्या नाचात दुसरं काय आहे? पवित्र्याला ताल लावला आणि समोर प्रतिस्पर्ध्याच्या जागी गीता बाली उभी केली. म्हणूनच तो नाच कथ्थक शिकलेल्याला अवघड जातो आणि हमालाला चटकन येतो. अमिताभ बच्चन आणि गोविंदा यांनी पुढं ज्या ढबीवर पडदा गाजवला, तिचं मूळ इथं आहे, आणि बच्चन यांनी ते मान्यही केलं आहे. बारा वर्षांची मारधाड ‘अलबेला’मध्ये संपली नाही. तिनं फक्त कपडे बदलले.

यश आलं तेव्हा ते पहिलवानाच्या थाटात आलं. जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला एक अशा सात मोटारी. पैशांच्या पावसाच्या एका दृश्यासाठी त्यांनी खऱ्या नोटा उडवल्या, असं सांगतात. पण ‘अलबेला’सारखा डाव पुन्हा लागला नाही. १९५३ चा ‘झमेला’ त्या उंचीवर गेला नाही. १९५६ च्या ‘भागमभाग’मध्ये किशोरकुमार होते. पुढं ‘हंसते रहना’ या चित्रपटात त्यांनी सगळी पुंजी घातली आणि तो पुराच झाला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. भगवान दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत परतले, ज्या वस्तीतून निघाले होते तिच्याच आसपास. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं ते मिळेल ती छोटी भूमिका करत राहिले. बहुतेक वेळा दिग्दर्शक त्यांना एकच सांगे: जरा ती स्टेप करा. सी. रामचंद्र, राजेंद्रकृष्ण, ओमप्रकाश हे मात्र त्या चाळीत येत राहिले.

एव्हाना स्टंटपटांचा जमानाही संपला होता. १९६२ मध्ये ‘किंग काँग’मधून दारासिंग नायक म्हणून आले, पहिलवानांची दुसरी फळी सुरू झाली. पुढं मारामारी बसवणाऱ्यांचा वेगळा पेशा झाला, डुप्लिकेट आले, दोरखंड आले, आणि आता तर संगणकच उडी मारतो. भगवान यांच्या पहिल्या पर्वातले सिनेमे मात्र आज जवळपास बघायला मिळत नाहीत. गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या, असं त्यांच्या जवळच्यांनी सांगितलं आहे. पिटातल्या प्रेक्षकानं ते डोळ्यांत साठवलं, आणि तो प्रेक्षकही गेला.

२०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांनी ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट काढला. मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली. त्यामुळं नव्या पिढीला नाव कळलं. पण त्यातही स्वाभाविकपणे केंद्रस्थानी १९५१ आहे. १९३८ ते १९४९ ही वर्षं अजून आपल्या सिनेमाच्या इतिहासात तळटीप म्हणूनच येतात. फाळके, पेंटर, प्रभात या परंपरेचा अभिमान बाळगताना गिरणगावच्या लाल मातीतून उठून सिनेमा काढणाऱ्यांना आपण पंगतीच्या शेवटी बसवलं. त्या माणसांनी सिनेमाचं व्याकरण अंगानं लिहिलं, आणि भाषा न येणाऱ्या मजुराला पडद्याशी बांधून ठेवलं. त्यांना इतिहासात मधल्या पानावर जागा हवी.

भगवानदादांचं ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरी हृदयविकारानं निधन झालं, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. जन्म अमरावतीचा, ‘दादा’ हा किताब आखाड्याचा.